माउथऑर्गनचा दुसरा षड्ज

वाद्यांच्या इतिहासाची गोष्ट निघाली म्हणजे वीणा, मृदंग, सतार, सारंगी अशी घरंदाज मंडळी डोळ्यांपुढे उभी राहतात. या पंगतीत माउथऑर्गनसाठी कोणी पाट मांडीत नाही. तो जत्रेत मिळतो, पोरांच्या वाढदिवसाला दिला जातो आणि सहलीच्या दिवशी खिशातून बाहेर निघतो. १९७५ सालच्या 'शोले' चित्रपटात सांजवेळी पायरीवर बसून माउथऑर्गन वाजवणारा नायक आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. पण त्याच्या हातातल्या वाद्याला काही इतिहास असेल, असे फारसे कोणाच्या मनात आले नसेल.

तो इतिहास आहे, आणि तो मोठा मासलेवाईक आहे. जर्मनीतल्या कारागिरांनी हे वाद्य एका विशिष्ट स्वरात, एका विशिष्ट प्रकारच्या गाण्यांसाठी बांधले. अमेरिकेच्या दक्षिण भागातील गरीब लोकांनी, त्यातही मुख्यत: गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांच्या मुलानातवंडांनी, तेच वाद्य भलत्याच स्वरात धरले. षड्ज हलवला, श्वासाची दिशा उलटी केली, आणि कर्त्याच्या स्वप्नातही नव्हते असे संगीत त्यातून काढले. वाद्य तेच, छिद्रे तीच, सूरही तेच. बदलला तो फक्त 'घर' कोणते मानायचे याचा निर्णय. हा निर्णय कसा घेतला गेला, त्याने काय साधले आणि ज्यांनी तो घेतला त्यांच्या पदरात काय पडले, हे आज पाहावयाचे आहे.

पितळी पत्तीचे कूळ

माउथऑर्गनचा प्राण म्हणजे पितळेची एक पातळ पत्ती. तिचे एक टोक पक्के बसवलेले असते आणि दुसरे मोकळे. हवा गेली की ती आपल्या खाचेत मागेपुढे थरथरते आणि बोलू लागते. हे तत्त्व चीनमध्ये 'शंग' नावाच्या वाद्यात फार प्राचीन काळापासून आहे. अठराव्या शतकात युरोपातील कारागिरांचे लक्ष त्याकडे वळले आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या पत्तीचा वंशविस्तार झाला. १८२९ साली व्हिएन्नात डेमियान याने अ‍ॅकॉर्डियनचा हक्क नोंदवला. १८४२ साली पॅरिसमध्ये देबँ याने हार्मोनियमचा नोंदवला. हीच हार्मोनियम पुढे आपल्याकडे आली, कलकत्त्याच्या कारागिरांनी तिला मांडीजवळ बसण्याजोगी केली, आणि मराठी रंगभूमीने व भजनी मंडळांनी तिला 'पेटी' म्हणून घरचीच करून टाकली. म्हणजे माउथऑर्गन हा आपल्या पेटीचा सख्खा चुलतभाऊ होय.

या भावाचे नशीब उजळले ते दक्षिण जर्मनीतील ट्रोसिंगेन गावी. तेथे माटियास होनर नावाच्या घड्याळजीने १८५७ साली घरच्या घरी माउथऑर्गन बनवण्यास आरंभ केला. पहिल्या वर्षी ६५० नग निघाले. पण होनर जितका कारागीर होता तितकाच व्यापारीही होता. जर्मनीतून हजारो कुटुंबे अमेरिकेला स्थलांतर करीत होती. त्यांच्या मागोमाग त्याचा मालही समुद्रापार जाऊ लागला. १८९६ साली 'मरीन बँड' हा प्रसिद्ध नमुना निघाला: लाकडी चौकट, दोन पितळी तबके, दहा छिद्रे आणि वीस पत्त्या. किंमत इतकी थोडी की शेतमजुरालाही परवडावी, आणि आकार असा की फाटक्या खिशातही मावावा. पियानोला दिवाणखाना लागतो, व्हायोलिनला गुरू लागतो. याला एक खिसा पुरे.

दहा छिद्रांची योजना

आता थोडे वाद्याच्या अंतरंगात शिरले पाहिजे, कारण पुढची सगळी कथा त्यावर उभी आहे. प्रत्येक छिद्रात दोन पत्त्या असतात. एक फुंकल्यावर बोलते, दुसरी श्वास आत ओढल्यावर. पांढरी एकचा बाजा घेतला तर दहा छिद्रांत फुंकीचे स्वर क्रमाने असे येतात: सा ग प, सा ग प, सा ग प, सा. ओढीचे स्वर असे: रे प नि रे, म ध नि, रे म ध. ही मांडणी बोहेमियातील रिख्टर याच्या नावाने ओळखली जाते.

मधल्या सप्तकात सातही स्वर आहेत. खालच्या सप्तकात मात्र मध्यम व धैवत गाळलेले आहेत आणि वरच्यात निषाद नाही. ही चूक नव्हे, योजना आहे. युरोपातील लोकगीतांना आणि नाचाच्या धुनींना दोन स्वरसंघांचा आधार पुरतो, एक षड्जाचा आणि एक पंचमाचा. खालच्या छिद्रांवर नुसते फुंकले की सा-ग-प एकदम वाजते. ओढले की पंचमाचा संघ वाजतो. त्यामुळे अडाणी माणसालाही स्वत:च्या चालीला स्वत:च साथ देता येते. फुंक म्हणजे घर आणि ओढ म्हणजे घराबाहेरचा फेरफटका. गाणे फुंकीवर सुरू होते व फुंकीवर विसावते. या सरळ पद्धतीला वादक 'पहिली पोझिशन' म्हणतात. आपण पोझिशनला 'बैठक' म्हणू, कारण प्रश्न कोठे बसून गायचे हाच आहे.

उलटा श्वास

अमेरिकेच्या दक्षिणेत हे वाद्य पोचले तेव्हा ज्यांच्या हाती ते पडले, त्यांच्या कानांत दुसरेच संगीत होते. शेतावरच्या हाका, कामाची गाणी, प्रार्थनेतला आक्रोश. या गाण्यात गंधार ना धड शुद्ध ना धड कोमल; दोहोंच्या मधे कोठेतरी तो हेलकावत असतो. निषाद उतरलेला असतो. स्वरावरून स्वरावर उडी नसते, घसरण असते. ज्याला आपण मींड म्हणतो, ती या गाण्याची जात होय. असे गाणे पहिल्या बैठकीत वाजवू गेल्यास बाजा अडतो. फुंकीचा षड्ज व गंधार खालच्या भागात दगडासारखे अढळ असतात.

मग कोणा एकाने नव्हे, अनेकांनी ठिकठिकाणी एक गोष्ट हेरली. बाजा फुंकण्याऐवजी ओढा, आणि दुसऱ्या छिद्रातला ओढीचा पंचम हाच षड्ज समजा. आता काय घडते पाहा. पहिल्या पाच छिद्रांतून श्वास ओढला की प, सा, ग, प आणि कोमल नि, असा भरघोस संघ वाजतो. घर आता श्वास आत घेण्यात आले. कोमल निषाद, जो पहिल्या बैठकीत मुळीच नव्हता, तो आपसूक हाती आला. कारण जुना मध्यम हाच नव्या षड्जाचा कोमल निषाद होय. बिलावलाचा बाजा खमाजाचा झाला.

पण खरी किमया पुढेच आहे. खालच्या सहा छिद्रांत ओढीची पत्ती फुंकीच्या पत्तीपेक्षा उंच स्वराची असते. ओढताना जीभ मागे खेचून तोंडाची पोकळी बदलली, तर हा ओढीचा स्वर खाली वाकवता येतो. तो कोठवर वाकेल हे छिद्रातल्या जोडीदारावर अवलंबून असते: दोन स्वरांत जेवढे अंतर, तेवढी वाकण्यास जागा. तिसऱ्या छिद्रात हे अंतर सर्वांत मोठे आहे, आणि दुसऱ्या बैठकीत तेथेच गंधार येतो! तो शुद्धावरून कोमलाकडे हवा तेवढा घसरतो, आणि आणखी वाकवला तर हरवलेला ऋषभही सापडतो. चौथ्या छिद्रातला पंचम वाकून तीव्र मध्यमाला टेकतो. म्हणजे ज्या स्वरांना रडता यायला हवे, नेमके तेच स्वर या बैठकीत लवचीक होतात. पुढील काळातील शास्त्रीय प्रयोगांनी दाखवले की स्वर वाकतो तेव्हा एकटी ओढीची पत्ती काम करीत नाही. स्वर जसजसा उतरतो तसतशी फुंकीची पत्ती बोलण्याचा भार आपल्याकडे घेते. दोन शेजारी एकमेकांचे ओझे वाटून घेतात, तेव्हा ती मींड निघते.

येथे आपल्या पेटीची आठवण होणे अपरिहार्य आहे. पेटीवर मींड निघत नाही, हा तिच्यावरचा जुना आरोप; त्यापायी आकाशवाणीने १९४० पासून काही दशके तिला दाराबाहेर ठेवले. पत्ती तीच, मग एकीला मींड का नाही आणि दुसरीला का आहे? पेटीत भात्याची हवा आणि पत्ती यांच्यामध्ये माणसाचे तोंड नाही, आणि एका खोलीत परस्परविरुद्ध श्वासाच्या दोन पत्त्याही नाहीत. माउथऑर्गनमध्ये वादकाचा घसा, जीभ आणि गाल हे वाद्याचाच भाग बनतात. म्हणूनच तो गाऊ शकतो, कण्हू शकतो, आणि आगगाडीची शिटीसुद्धा घालू शकतो.

आगगाडी, नभोवाणी आणि एक दुकान

शिटीचा उल्लेख उगाच केलेला नाही. आगगाडी आणि शिकारीचे कुत्रे हे या वादकांचे पहिले गुरू होत. १९२३ साली व्हर्जिनियातील हेन्री व्हिटर या गोऱ्या गिरणीकामगाराने रेल्वेगाडीची नक्कल ध्वनिमुद्रित केली. तेव्हा ही कला एकाच वर्णाची होती असे नाही. परंतु तिला कळसाला नेणारा पहिला मोठा माणूस म्हणजे डीफर्ड बेली.

बेलीचा जन्म १८९९ साली टेनेसीत झाला. तिसऱ्या वर्षी त्याला पोलिओ झाला. अंथरुणाला खिळलेल्या त्या मुलाच्या हातात बाजा होता, आणि कानांवर येत होते दूरच्या गाड्यांचे व कुत्र्यांचे आवाज. ते तो वाजवू लागला. शरीराने तो लहानखुराच राहिला. पण नॅशव्हिल येथील डब्ल्यूएसएम नभोवाणी केंद्रावर त्याचा श्वास शेकडो मैल ऐकू जाऊ लागला. डिसेंबर १९२७ मध्ये एका शनिवारी रात्री, उच्च अभिरुचीच्या पाश्चात्त्य संगीताचा कार्यक्रम संपला आणि लगेच बेलीने आपली 'पॅन अमेरिकन ब्लूज' ही आगगाडीची धून वाजवली. निवेदक जॉर्ज हे याने त्या वेळी ऑपेराच्या भारदस्त नावाची थट्टा करीत आपल्या कार्यक्रमाला 'ग्रँड ओल ऑप्री' म्हटले. ते नाव आजतागायत टिकले आहे. अमेरिकेतील ग्रामीण संगीताच्या सर्वांत विख्यात कार्यक्रमाचे बारसे एका कृष्णवर्णीय वादकाच्या श्वासावर झाले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

बेली लोकप्रिय होता. गोऱ्या कलाकारांबरोबर तो गावोगाव दौऱ्यावर जाई, गर्दी खेची. पण ज्या गावात टाळ्या मिळत, त्याच गावात खाणावळीत जेवण आणि हॉटेलात खोली मिळत नसे. १९४१ साली संगीताच्या स्वामित्वशुल्कावरून नभोवाणी केंद्रे आणि रचनाकारांची संस्था यांचा झगडा पेटला. बेलीच्या नेहमीच्या धुनी वाजवण्यास बंदी आली, आणि त्याच वर्षी त्याला कामावरून दूर करण्यात आले. ज्याने कार्यक्रमाला नाव मिळवून दिले, त्याने पुढची अनेक वर्षे नॅशव्हिलमध्ये बूटपॉलिशचे दुकान चालवून पोट भरले. १९८२ साली तो वारला. त्या संगीताच्या सन्मानमंदिरात त्याचे नाव कोरले गेले ते २००५ साली, मृत्यूनंतर २३ वर्षांनी. वाद्याचा षड्ज हलवणे सोपे. समाजाचा षड्ज हलवायला किती वेळ लागतो याचा हा हिशेब आहे.

इतरांची कथा धावती सांगतो. जॉर्जियात जन्मलेला, तरुणपणीच दृष्टी गमावलेला सॉनी टेरी २३ डिसेंबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये उभा राहिला आणि खिशातले वाद्य त्या देशाच्या सर्वांत मानाच्या व्यासपीठावर पोचले. जॉन ली 'सॉनी बॉय' विल्यमसन याने १९३७ पासूनच्या ध्वनिमुद्रिकांतून बाजाला गाण्याचा जोडीदार बनवले. एक ओळ गळ्याने म्हणायची, तिचे उत्तर बाजाने द्यायचे. हे नाव इतके गाजले की राइस मिलर नावाच्या दुसऱ्या थोर वादकाने तेच धारण केले आणि १९४१ पासून आर्कान्सातील हेलेना येथून, एका पिठाच्या जाहिरातीच्या कार्यक्रमात, रोज दुपारी श्रोत्यांना खिळवून ठेवले. पहिला विल्यमसन १९४८ साली शिकागोच्या रस्त्यावर मारेकऱ्यांच्या हल्ल्यात बळी पडला.

मग आला लिट्ल वॉल्टर. दक्षिणेतून लाखो कृष्णवर्णीय उत्तरेच्या कारखान्यांकडे आले होते. शिकागोच्या गजबजाटात उघड्या बाजाचा आवाज बुडत होता. वॉल्टरने साधा ध्वनिक्षेपक बाजासकट दोन्ही तळव्यांत कोंडला आणि आवाजाला सॅक्सोफोनचे वजन दिले. १२ मे १९५२ रोजी मुद्रित झालेली त्याची 'ज्यूक' ही धून आठ आठवडे आपल्या यादीत पहिल्या क्रमांकावर राहिली. या धुनीत बाजा पांढरी सहाचा आहे आणि षड्ज धरला आहे पांढरी तीनचा: दुसरी बैठक! १९६८ साली, अवघ्या ३७व्या वर्षी, एका मारामारीतील दुखापतीनंतर तो गेला.

षड्ज हलवण्याचा रियाज

दुसरी बैठक साधली, तेव्हा जिज्ञासूंना प्रश्न पडला: तिसरी का नको? पहिल्या षड्जाच्या पंचमावर दुसरी बैठक. दुसरीच्या पंचमावर तिसरी. अशा रीतीने षड्ज-पंचमभावाने चढत गेल्यास बारा बैठका होतात आणि तेराव्या पावलाला माणूस पुन्हा घरी येतो. आपल्या श्रोत्यांना हे सांगताना मला फार कष्ट पडू नयेत, कारण स्वरसमूह तोच ठेवून आरंभस्वर बदलणे याला आपल्या शास्त्रात मूर्च्छना हे नाव आहे, आणि भरताच्या नाट्यशास्त्रात ती सविस्तर सांगितली आहे. पुढे तंबोऱ्याचा अढळ षड्ज आला, मूर्च्छना मागे पडली आणि मेल व थाट पुढे आले.

पंडित भातखंड्यांच्या दहा थाटांची फूटपट्टी या बाजाला लावून पाहिली, तर मौज दिसते. वाकवण्याची करामत बाजूला ठेवली तरी पहिल्या बैठकीत बिलावल, दुसरीत खमाज, तिसरीत काफी, चौथीत आसावरी, पाचवीत भैरवी आणि, उलट दिशेने एक पाऊल टाकून मध्यमाला षड्ज मानले तर, बाराव्या बैठकीत कल्याण. दहांपैकी सहा थाट एका वीतभर लाकडात! निषादाचा षड्ज केला तर शुद्ध पंचम उरत नाही, म्हणून ती सहावी बैठक थाटाच्या पंक्तीला बसत नाही.

प्रत्येक बैठकीचा स्वभाव निराळा. पहिली प्रसन्न आणि सरळ. बॉब डिलनच्या सुरुवातीच्या गाण्यांत पुष्कळदा तीच आढळते. पण तिच्यातही एक गुपित आहे: सातव्या छिद्रापासून वर फुंकीची पत्ती ओढीपेक्षा उंच असते, तेव्हा तेथे फुंकीचे स्वर वाकतात. जिमी रीडने १९५७ सालच्या 'ऑनेस्ट आय डू' या गाण्यात हा वरचा, टोकदार विलाप अमर केला. तिसरी बैठक गंभीर, कोमल गंधाराची. लिट्ल वॉल्टर आणि जॉर्ज स्मिथ यांनी तिला मान मिळवून दिला.

यांचा रियाज कसा करतात? जाणते वादक नवशिक्याला नवी धून देत नाहीत. जुनीच धून नव्या बैठकीत वाजवायला लावतात. अंगाई येते ना? ती आता ओढीपासून सुरू कर. लगेच कळते की इतके दिवस बोटे व ओठ सवयीने चालत होते, कान झोपला होता. कोणता स्वर छिद्रात तयार आहे, कोणता वाकवून आणायचा आणि कोणता नाहीच म्हणून त्याला वळसा घालायचा, हे प्रत्येक बैठकीत नव्याने ठरवावे लागते. वाकवलेला स्वर तर सर्वांत फसवा. तो पडद्यावर आखलेला नसतो. आधी कानात असावा लागतो, मगच तोंडात येतो. म्हणून हा रियाज वस्तुत: जिभेचा नसून श्रवणाचा आहे.

या वाटेचे टोक गाठले ते शिकागोच्या हॉवर्ड लेव्ही याने. १९७०च्या सुमारास त्याला आढळले की विशिष्ट रीतीने जोर दिला असता खालच्या छिद्रांत फुंकीतून चढा स्वरही काढता येतो. त्याचे तुरळक पुरावे १९२०च्या दशकातील ध्वनिमुद्रिकांतही सापडतात. लेव्हीने त्याची पद्धत बांधली, आणि दहा छिद्रांच्या एकाच बाजावर बाराही स्वरांतून, बाराही बैठकांत वाजवून दाखवले. जे वाद्य एका स्वरासाठी बांधले होते, ते सर्व स्वरांचे झाले. आणि होनर कंपनी? तिने पुढे आपल्या एका बाजाचे नावच 'ब्लूज हार्प' ठेवले. कर्त्याने वापरणाऱ्याचे शिष्यत्व पत्करल्याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

या कथेचे सार

कोणी म्हणेल, हा तर एका खेळण्याचा इतिहास; त्यात एवढे ते काय? मला वाटते त्यात दोन गोष्टी आहेत. पहिली अशी की, वाद्याचा शोध त्याच्या कारखान्यात पुरा होत नाही. होनरने पत्त्या दिल्या; त्या पत्त्यांचा अर्थ ज्यांच्याजवळ गुरू नव्हता, ग्रंथ नव्हता, आणि नाटकगृहात समोरच्या दाराने शिरण्याची मुभाही नव्हती, अशांनी लावला. त्यांना 'बरोबर' पद्धत कोणी शिकवली नाही, आणि ती शिकवली असती तरी तिच्यात त्यांचे दु:ख मावले नसते. त्यांनी वाद्य बदलले नाही. बदलण्याइतके पैसे होते कुठे? हाती आहे त्यातच कोठे बसायचे, एवढेच त्यांनी ठरवले.

दुसरी गोष्ट कृतज्ञतेची. वाद्याच्या डबीवर कारखानदाराचे नाव असते. ज्या बैठकीत ते आज जगभर वाजते, त्या बैठकीवर कोणाचेच नाव नाही. स्वामित्वशुल्काच्या भांडणात बेलीच्या धुनी कोणाच्या मालकीच्या हे ठरवायला वकील पुष्कळ होते. ओढलेल्या श्वासाचा षड्ज कोणाचा, हे विचारणारा कोणी नव्हता. इतिहास सांगणाऱ्याचे काम अशा वेळी एवढेच असते, की ज्याचे नाव डबीवर नाही त्याचे नाव निदान सभेत घ्यावे. ते आपण आज घेतले. घरी कपाटात एखादा जुना बाजा पडला असेल, तर तो पुसून घ्या, आणि एकवार फुंकण्याऐवजी ओढून पाहा.